वेशीतून ओढत नेलेली रिक्षा

जालन्यात माझ्याकडे एकच दिवस होता आणि खिशात बघायच्या जागांची यादी. किल्ला, काळी मशीद, मोती तलाव. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यानं ती यादी वाचली, कानातला अत्तराचा बोळा नीट बसवला आणि म्हणाला, “बसा, बिलकुल आरामात दाखवतो.” मला आराम नको होता, संध्याकाळची गाडी गाठायची होती.

जुन्या जालन्यात एक दगडी वेस लागली. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि हँडल धरून रिक्षा ओढत वेशीतून नेऊ लागला. मी आतच बसलेलो. मागं हॉर्न वाजत होते. शेजारचा कापडवाला मात्र मान वर न करता कापड फाडत होता; त्याला हे रोजचं असावं.

“बिघडली का?” मी जरा चिडूनच विचारलं.

“न्हाई. वडलांचा टांगा व्हता. या वेशीत घोडा बिचकायचा, मंग ते उतरून त्याला हातानं न्यायचे.”

“पण रिक्षा कुठं बिचकते?”

“रिक्षा न्हाई बिचकत,” तो हसला, “पण बसून गेलो की वाटतं, वडील म्हणतील, लई साहेब झाला काय रे.”

यादीतलं सगळं पाहिलं. माझे फोटो त्यानंच काढले, प्रत्येकात त्याचा अंगठा आलाय. परतताना वेस दिसली आणि त्यानं इंजिन बंद करताच मी उतरून मागून हात लावला.

“साहेब, तुम्ही कशाला?”

“घोडा बिचकेल,” मी म्हणालो.