गार्डसाहेबांचं रोड लर्निंग

गार्डसाहेबांना प्रवासात पुढे तोंड करून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आधी मालगाडी, मग पॅसेंजर, अशी सगळी नोकरी शेवटच्या डब्यात गेली. बाकीचे लोक येणारा मुलूख पाहतात, हे गेलेला पाहायचे. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी स्कूलबस घेतली आणि तिचं फिरतं घर केलं, तेव्हा पलंगाच्याही आधी मागच्या काचेपाशी एक उलटी खुर्ची ठोकून घेतली. त्या खुर्चीत ते हिरवी झेंडी, लाल झेंडी आणि शिट्टी घेऊन बसायचे. गाडी वहिनी चालवायच्या. आता साहेबांना जाऊन दीड वर्ष होईल, पण गोंदियात पिवळी गाडी दिसली की माझी नजर अजून आधी तिच्या मागच्या काचेकडे जाते.

साहेबांचा पुण्यातला मुलगा त्या गाडीला मोटरहोम म्हणायचा. आमची कॉलनी ‘गार्डची शाळेची गाडी’ म्हणायची, आणि कॉलनीचंच खरं होतं, कारण वरून पांढरा रंग दिला तरी पाऊस पडला की खालची ‘स्कूल बस’ ही अक्षरं उमटायची. आत पलंग, दोन शेगड्या, हात धुवायची मोरी. वहिनींनी त्यात कुकर, खलबत्ता, पापडाचा डबा, तुळस आणि दारावरची नावाची पाटी अशी भर घातली. घर सोडून निघायचं म्हणून घरातली एकही वस्तू त्यांनी घरी सोडली नाही.

पहिला मुक्काम कुठे केला असेल? स्वतःच्याच घरासमोर. ‘इथं नळ आहे, आधी ट्रायल घेऊन पाहू,’ असं साहेबांचं म्हणणं. ट्रायल आठ दिवस चालली. फाटकाला कुलूप आणि त्यासमोर गाडीत हे दोघं चहा पिताहेत, हे पाहून कॉलनीनं निकाल दिला की पोरानं म्हाताऱ्यांना घराबाहेर काढलं. पोरगा आठशे-नऊशे किलोमीटरवर, त्याला बिचाऱ्याला याचा पत्ताही नाही. एका दयाळू शेजारणीनं तर वांग्याची भाजी आणून दिली आणि डोळे पुसले. वहिनींनी खुलासा केला नाही. ‘भाजी चांगली होती जी,’ त्या मला म्हणाल्या, ‘खुलासा केला असता तं उद्या कोणी आणली असती?’

वहिनी सालेकशाकडच्या शेतकऱ्याची लेक. लग्नाआधी बापाचा ट्रॅक्टर चालवून धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, चिखलणी केलेली बाई. तिला बस म्हणजे सावलीतला ट्रॅक्टर. साहेबांना मात्र सायकलीच्या पुढे काही येत नव्हतं, आणि त्याची त्यांना लाज नव्हती. ‘गार्ड गाडी चालवत नसते, मास्तर,’ ते मला सांगायचे. ‘गार्ड गाडीचा मालक असते.’ यावर वहिनी गिअर टाकायच्या.

निघण्याचा सोहळा पाहण्यासारखा असे. सिलिंडर बंद केल्याची खात्री, तुळशीला दोरी, माठ अर्धा रिकामा. मग साहेब खाली उतरून गाडीभोवती एक फेरी मारत, शिट्टी फुंकत, हिरवी झेंडी दाखवत आणि मागच्या दारानं चढत. रस्त्यात मन झालं तर लाल झेंडी. एकदा आमगावच्या रस्त्यावर त्यांनी वहिनींना थांबवायला काचेतून लाल झेंडी काढली. वहिनींना ती दिसली नाही, मागच्या ट्रकवाल्याला दिसली. तो थांबला, त्याच्यामागे बस थांबली, बसमागे धानाचे तीन ट्रॅक्टर. आणि ज्या गाडीसाठी हे सगळं, ती निवांत पुढे निघून गेली.

बोदलकशाला तर त्याहून मोठा प्रकार झाला. तलावाकाठी चार दिवस राहून दोघं निघाले. साहेबांनी शिट्टी दिली, झेंडी दाखवली, आणि नोकरीतल्या सवयीनं चालत्या गाडीत चढायला गेले. गुडघ्याने नकार दिला. वहिनी आठ किलोमीटर एकट्याच बोलत गेल्या. मागून उत्तर येईना, याचं त्यांना काहीच वाटलं नाही, कारण गार्डच्या बायकोला उत्तर न येण्याची सवय असते. शेवटी एका मासेवाल्याच्या मोटरसायकलवर, मासोळीच्या पेटीला पाठ लावून, अर्थातच उलट्या तोंडानं बसून साहेब आले. हातात झेंडी तशीच. उतरल्या उतरल्या म्हणाले, ‘ड्रायव्हरनं सिग्नल एक्सचेंज केला नाही. रिपोर्ट लिहावा लागंल.’ वहिनी म्हणाल्या, ‘आधी आंघोळ करा.’

एवढा थाट, आणि गाडी जायची कुठे? नवेगाव, बोदलकसा, सालेकसा, पुन्हा नवेगाव. जिल्ह्याची हद्द आली की मागून शिट्टी. साहेबांचं कारण तयार असे. रेल्वेत नव्या मार्गावर काम करायचं तर आधी तो मार्ग दुसऱ्यासोबत हिंडून शिकावा लागतो, त्याला रोड लर्निंग म्हणतात. ‘पलीकडं मी रुळानं गेलो. सडकेनं नाही गेलो,’ ते म्हणत. ‘त्या सडकेचं लर्निंग झालं नाही. आपला सेक्शन इथलोकच.’ न शिकलेल्या रस्त्यावर जायचं नाही, आणि गेल्याशिवाय रस्ता शिकता येत नाही. या कोड्यात तीन वर्षं ती गाडी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरत राहिली. मी त्यांना तोंडावर हसायचो. घराच्या टाकीत पाणी चढलं की नाही या काळजीनं मी स्वतः नागपूरलाही मुक्काम करत नव्हतो, ती गोष्ट वेगळी.

वहिनींना मात्र समुद्र पाहायचा होता. गाडी घेतली तीच मुळात त्यासाठी. ‘ह्यायनं जन्मभर पुरीच्या गाड्यायले झेंडी दाखवली,’ त्या म्हणायच्या, ‘मले एक डाव बसवलं नाही.’ पास असायचा, सुट्टी नसायची. सुट्टी मिळाली की धानाची रोवणी निघायची. आता दोन्ही अडचणी गेल्या होत्या आणि साहेबच आडवे आले होते.

पण बाई ट्रॅक्टरवाली. तिनं दुसरा रस्ता काढला. साहेब जेवले की उलट्या खुर्चीतच दोन-तीन तास घोरत. एके दिवशी सालेकशाच्या मुक्कामावरून वहिनींनी हळूच गाडी काढली ती थेट डोंगरगडला, छत्तीसगडात. साहेब जागे झाले, बाहेर पाहिलं. पाट्या हिंदी, माणसं हिंदी. आमच्या गोंदियातही तेच, त्यामुळे त्यांना काही वेगळं वाटलं नाही. उतरून त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, ‘सालेकशाचा चहा सुधारला.’ परतताना ते पुन्हा झोपले. हे वहिनींनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि शपथ घातली. पुढच्या खेपेला त्या राजनांदगावपर्यंत जाऊन आल्या.

तिसऱ्या खेपेला घात झाला. उलटं बसणाऱ्याला मागून येणाऱ्या गाड्यांचे नंबर समोर दिसतात. साहेब चालत्या गाडीतच जागे झाले आणि पाहतात तो एकामागून एक सीजी, सीजी, सीजी. ‘अवो, इतक्या छत्तीसगडच्या गाड्या सालेकशाले काऊन येऊन राहिल्या?’ त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाल्या, ‘त्या नाही आल्या जी, आपण आलो. हे रायपूर होय.’

गोंदियाला घरासमोर परत आल्यावर तीन दिवस अबोला. चौदा फुटांच्या गाडीत अबोला धरणं सोपं नसतं, म्हणून साहेब जेवायला आमच्याकडे येऊ लागले. मी आपला थट्टेवारी नेत होतो. म्हटलं, ‘साहेब, रायपूरनं काही खाल्लं तर नाही ना तुम्हाला?’ ते हसले नाहीत. ताटावरची नजर न काढता त्यांनी जे सांगितलं, ते ऐकून मला माझीच लाज वाटली.

पॅसेंजरवर असताना एका लहान स्टेशनात एक म्हातारा डब्यात पडला होता. परमुलुखातला, भाषाही वेगळी. त्याला फलाटावर उतरवला. ‘सगळ्यायनं त्याचं पहिले तिकीट पाह्यलं, मंग नाडी,’ साहेब म्हणाले. ‘खिसा चाचपणारा मीच होतो, मास्तर. तिकीट होतं. नाडी नव्हती.’ मग पाणी प्यायले. ‘इथं गोंदियात मी कुठंही पडलो तं दहा जण म्हणतील, गार्डसाहेब पडले. तिकडं कोण म्हणंल?’

मी हे वहिनींना सांगितलं. साहेबांनी कुठं शपथ घातली होती! त्या तांदूळ निवडत होत्या. मग उठून गाडीत गेल्या आणि साहेबांसमोर उभ्या राहिल्या. ‘रायपूरलोक माझं लर्निंग झालं. पुढं मी इचारत इचारत जाईन. आणि तुम्ही पडले तं मी आहो ना वो! मी कायले आहो मंग?’ साहेबांनी खूप वेळ नियम आठवून पाहिला. ड्रायव्हरला रस्ता ठाऊक असला तर गार्डला हरकत घेता येत नाही, असं काहीतरी पुटपुटले, आणि दोघं समुद्राकडे निघाले.

आठव्या दिवशी वहिनींचा फोन आला. ओडिशात एका गावी, चहाच्या टपरीपाशी साहेब पडले होते. मुलगा पुण्याहून निघाला, मी गाडी पकडली. टाकीत पाणी चढवलं की नाही, हे मला रायपूर गेल्यावर आठवलं.

लहानसा दवाखाना होता. साहेब खाटेवर बसून भाताची पेज पीत होते. टपरीवाली बाई पेज भरवत होती, तिचा नवरा पाय चेपत होता, आणि दोघंही अखंड उडियात बोलत होते. साहेबांना एक अक्षर कळत नव्हतं आणि ते प्रत्येक वाक्याला ‘बराबर’ म्हणत होते. वहिनींनी सांगितलं की याच दोघांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं, आणि नाव विचारायची आठवण त्यांना दुसऱ्या दिवशी झाली. गाडी गावाच्या भातगिरणीच्या आवारात लावली होती. आमच्या वहिनींनी तिथल्या बायांना मिरचीचा ठेचा करून दिला होता आणि निम्मं गाव पाणी पीत हिंडत होतं.

मुलानं गोंदियाची तिकिटं काढली होती. डॉक्टर म्हणत होते, चार दिवस विश्रांती घेऊन कुठेही जा, औषध चुकवू नका. पण वहिनीच खचल्या होत्या. माझ्यासमोर पहिल्यांदा त्यांचे डोळे भरून आले. ‘माझ्याच हट्टापायी झालं,’ त्या म्हणाल्या. ‘राहू द्या तो समुद्र. चला आपल्या गावी.’

साहेबांनी पेजेची वाटी खाली ठेवली. ‘मी नाही येत,’ ते म्हणाले. मुलगा चिडला, मीही चार शहाणपणाचे शब्द ऐकवले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘ज्याचा भेव होता ते होऊन गेलं, मास्तर. आता परत जाऊन कायले भिऊ?’

चार दिवसांनी मुलगा आणि मी रेल्वेनं परत निघालो, त्याच सकाळी ती दोघं गाडी घेऊन पुढे गेली. परतीच्या वाटेवर मुलगा म्हणाला, ‘काका, यांना अक्कल नाही.’ मी हो म्हणालो. मनातून मला त्यांचा इतका हेवा वाटत होता की डबाभर माणसांसमोर रडू येईल असं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. वारा इतका, की शब्द अर्धेच ऐकू येत होते.

‘पोचलो जी, मास्तर!’

‘दिसला का समुद्र?’

‘समोरच आहे म्हणतात.’

‘म्हणतात म्हणजे? कसा आहे, सांगा की!’

‘मले काय माहीत!’ वहिनी ओरडून म्हणाल्या. ‘हे पॅन्ट वर करून पाण्यात जाऊन उभे राह्यले, बाहेर याचं नाव नाही. मी त्यायलेच पाहून राहिली.’