माझं वॉकिंग आणि कॉलनीची धावपळ

माझं माझ्याच शरीराशी पटत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ल्युपस. शरीराचं संरक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते, सांधे सुजतात, पाय शिशाचे होतात. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुयासंग पटवून घेनं कठीनच हाय बाई, मले इचारा!"

डॉक्टरांचे हुकूम दोन. रोज दहा मिनिटं हळूहळू चालायचं आणि ऊन अंगावर घ्यायचं नाही. ब्रह्मपुरीत! उन्हाळ्यात! म्हणून मी भल्या सकाळी निघायची. अंगात यांचा जुना फुलबाह्यांचा शर्ट आणि पँट, तोंडाला ओढणी, डोळ्यांवर काळा गॉगल, हातांत मोजे. चार पावलं चालले की गुडघे संप पुकारायचे. मग दिसेल त्या घराचं फाटक धरून उभी राहायची.

आठवड्याने हे संध्याकाळी मोबाईल घेऊन आले. चेहरा पांढराफटक!

"पाह्य, लताबाईनं कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. तोंड बांधलेला मानूस रोज सकाळी फाटकापाशी थांबून घरात पाहून राह्यला!"

"अगं माय!" मी हादरले. "मी तं रोज तिथूनच जातो! मले कसा नाई दिसला?"

"उद्या जाऊ नको. आमी आठ जन पाळत ठेवतो."

पण मोठ्या मुश्किलीने दहा मिनिटं जमायला लागली होती. एक दिवस मोडला की पुन्हा अंथरूण धरेन, ही भीती चोरापेक्षा मोठी. हे आंघोळीला गेल्यावर मी मागच्या दाराने सटकले. (चोरासाठी हातात काठीही घेतली!)

लताबाईंच्या फाटकाला टेकून जरा दम घेते, तोच मागून आरडाओरड. "आला रे आला! धरा!" वळून पाहिलं, तर आठ माणसं जिवाच्या आकांताने माझ्याकडे धावत येत होती. जंगलाला खेटलेल्या आमच्या ब्रह्मपुरीत माणसं अशी धावली की कारण एकच असतं.

"वाघ!" मी किंचाळले आणि पळाले. चक्क पळाले!

"वाघ" ऐकताच मागच्या आठांना वाटलं, वाघ आपल्या मागे आहे. ते दुप्पट वेगाने सुटले. मी फाटक ढकलून लताबाईंच्या स्वयंपाकघरात, आणि माझ्यामागून आठही जण आत. कोणीतरी कडी लावली. पोहे परतत असलेल्या लताबाईंच्या हातातला झारा खाली पडला.

"कुठी हाय वाघ?" हे धापा टाकत म्हणाले.

"मले काय मालूम? तुमीच तं पळून राह्यले होते!"

आवाज ऐकून यांनी माझा गॉगल काढला. ओढणी काढली. मग मटकन खालीच बसले.

"सुमन? तू... पळाली?"

चोर सापडल्याचं कोणालाच काही नव्हतं. मी पळाले, याचाच सगळ्यांना धक्का! यांचे तर डोळे भरून आले.

पुढचे चार दिवस मी पलंगावर. डॉक्टर खूप रागावले, "चाला म्हटलं होतं हो!"

आता मी शर्ट-पँटऐवजी साडी नेसते, ओढणी आणि गॉगल मात्र तसेच; आणि हे रोज माझ्यासोबत येतात, माझ्याच चालीने, माझा हात धरून. परवा कॉलनीत नवीन आलेल्या एका बाईंनी यांना कौतुकाने थांबवलं.

"किती सेवा करता हो भाऊ आईची!"