सालं वाळवणारी वहिनी

आमच्या वहिनीला केळीचं साल टाकून देववत नसे. पंगत उठली की बाया पत्रावळी उचलायच्या आणि ही सालं वेचायची. ती लग्न होऊन म्हसावदला आली आणि आमच्या गच्चीवर पापडांच्या जागी सालं वाळू लागली. माय कुरकुरायची, "घरमा उकिरडा करी ऱ्हायनी ही." वहिनी हसून म्हणायची, "ऊन फुकट शे, सालं बी फुकट शेतस."

ती मूळची खापर गावची. शहाद्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि तिथल्याच प्रयोगशाळेत पीएच.डी.चं काम करायची. सालांचा भुगा पाण्यात घालून बंद भांड्यात तापवला की डोळ्यांना न दिसणारे कार्बनचे कण तयार होत. ते काचेवर बसवायचे, त्यावर गटाराचं पाणी सोडायचं आणि उन्हात ठेवायचं. उजेड पडला की ते कण पाण्यातल्या ऑक्सिजनला चेतवतात आणि त्यानं जंतू मरतात, असं तिनं मला भाकरी थापता थापता समजावलं होतं. मी तिची नणंद, कॉमर्स शिकलेली. मला एवढंच कळलं, की ही घाण पाण्याला ऊन पाजते.

मग एका पावसाळ्यात गावात जुलाबाची साथ आली. गटाराचं पाणी नळाच्या पाइपात शिरलं होतं. वहिनीची लेक सोनी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. संध्याकाळपर्यंत अंगणात खेळली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं डोळे मिटले.

काही दिवसांनी वहिनी पुन्हा प्रयोगशाळेत जाऊ लागली. प्रयोग जमत नव्हता. गढूळ पाण्यात उजेडच उतरत नव्हता. मग ती पाणी आधी वाळूतून गाळून उथळ ट्रेमध्ये पसरू लागली. एका दुपारी तिनं मला बोलावून घेतलं. टेबलावर काचेच्या दोन बशा होत्या. गटाराच्या पाण्याच्या बशीत जंतूंचे ठिपके दाटलेले, ट्रेमधल्या पाण्याची बशी स्वच्छ.

"जमलं की, वहिनी," मी म्हटलं.

"ट्रेभर पानी शे," ती म्हणाली. "तिले ते पेलाभरच लागे."

आणि स्टुलावर बसून ती रडली. सोनी गेल्यापासून पहिल्यांदाच.

दादाला हे बघवेना. "पोर गई, आनि तू आजूनबी गटारमाच हात घाली ऱ्हायनी," तो एकदा म्हणाला.

"मंग कोठे घालू?" तिनं विचारलं.

त्यानंतर दोघं एकमेकांकडं बघेनासे झाले. दोघांच्याही चेहऱ्यात सोनी दिसायची. शेवटी काडीमोड झाला. कोणाचं चुकलं, मला आजही सांगता येत नाही.

वहिनीला पुण्यात याच कामावर नोकरी मिळाली. स्टँडवर सोडायला मी एकटीच गेले. बाकावरच्या म्हातारीनं मला विचारलं, "ही तुन्ही कोन लागस वं?"

वहिनीनं मान खाली घातली.

"मन्ही वहिनी," मी म्हटलं. तिनं माझा हात धरला, तो बस लागेपर्यंत सोडला नाही.

पुढं दादाचं दुसरं लग्न झालं. त्याची बायको भली आहे, वयानं माझ्याहून लहान. मी तिला नावानंच हाक मारते.