हरणाऱ्या टीमसाठी खलिफा सिटीपर्यंत

दुबईहून अबू धाबीला लोक मशीद बघायला जातात, थीम पार्कला जातात. आम्ही गेलो टीव्हीवर अमेरिकेतली फुटबॉल मॅच बघायला. हे लिहितानाही वैताग येतोय.

कारण आमचा अयान. दुबईत आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीच्या पार्किंगमध्ये बॉल मारत वाढलेला हा मुलगा आता अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका कॉलेजच्या टीमचा किकर आहे. तिकडच्या फुटबॉलमध्ये बॉल हातात घेऊन पळतात. खांबांमधून किक मारून तीन गुण मिळवायला एक माणूस वेगळा ठेवतात, तो हा. बाकीच्या कॉलेजांची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती, त्या काळात त्यांच्यासाठी उभं राहिलेलं हे कॉलेज. तिथे स्कॉलरशिप मिळाली म्हणजे काय, हे रत्नागिरीच्या नातेवाइकांना समजावताना माझा घसा बसला होता.

या सिझनमध्ये टीम हरत सुटली होती. दोनदा तर अयानची किक चुकली म्हणून. तेव्हापासून त्याने फोन उचलणं सोडलं. मेसेज एकच, ‘मॅच बघू नका.’ माझे मिस्टर जमीर यांनी शारजातल्या एका कॉलेजात चौकशी सुरू केली. “खलास. सिझन संपला की परत आणू,” ते म्हणाले. मीही मान डोलावली.

शेवटची मॅच मात्र मला बघायचीच होती. ॲप म्हणालं, तुमच्या भागात उपलब्ध नाही. मग मिस डेनिसना फोन केला. त्या त्याच कॉलेजात शिकलेल्या, अयानच्या प्रवेशाच्या वेळी ओळख झालेल्या. आता अबू धाबीतल्या शाळेत शिकवतात, खलिफा सिटीत राहतात. त्यांच्याकडे अमेरिकेतला चॅनल लागतो, त्यावर मॅच दिसते. “शनिवारी मुक्कामालाच या,” त्या म्हणाल्या. तिकडची शनिवार संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची पहाट.

शनिवारी दुपारी निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, वेगमर्यादेवर मिळणारी वीस किलोमीटरची सवलत दुबईतच सोडायची. अबू धाबीच्या हद्दीत पाटीवरचा आकडा तोच खरा. खलिफा सिटी अबू धाबी बेटावर जाणाऱ्या पुलांच्या अलीकडे आहे, त्यामुळे तिकडचा टोल लागत नाही. हा वाचलेला टोल जमीरनी मुसफ्फा या गॅरेजांच्या भागात घालवला. गाडीच्या एसीचं काम तिथे स्वस्तात होतं म्हणे.

“वाटेवरच आहे,” ते म्हणाले.

“डॅड, इट्स नॉट ऑन द वे,” मागून सना. आमची धाकटी.

तिचं खरं होतं. गॅरेजवाला “दस मिनिट, इन्शाल्ला” म्हणाला आणि आम्ही सूर्यास्ताच्या मगरीबपर्यंत बाहेरच्या कॅफेटेरियात बसलो. पराठा आणि कडक चहा उत्तम. तिघांचे अठरा दिरहम, “म्हणजे सव्वाचारशे रुपये,” जमीर मोठ्याने. एसी आधी नुसता कमी गार करायचा, आता आवाजही करू लागला.

खलिफा सिटीत सगळ्या व्हिलांच्या भिंती सारख्याच. तीनदा त्याच गल्लीत शिरलो. शेवटी मिस डेनिसच कॉलेजचा मरून स्वेटशर्ट घालून रस्त्यावर आल्या.

पहाटे मॅच सुरू झाली. मध्येच फज्रची वेळ झाली. आत जाऊन नमाज पढून आलो, तर त्यांच्या घड्याळात जेमतेम तीन मिनिटं सरली होती. हा खेळ दर दोन पावलांना थांबतो. त्यात जमीर मला नियम समजावत होते, सगळे चुकीचे. मिस डेनिसनी मक्याच्या कण्यांचा मऊ पदार्थ लोणी घालून दिला. “इट्स उपमा,” सना म्हणाली आणि दोनदा घेतला.

हाफटाइमला मी चहासाठी उठले.

“बसा,” मिस डेनिस म्हणाल्या. त्या इंग्रजीतच बोलत होत्या. “हाफटाइमला आमच्याकडे कुणी उठत नाही. आता बँड येईल.”

बँड आला. मरून कपड्यांतली पोरं गुडघे छातीपर्यंत उचलत मैदानात शिरली, आणि चॅनलने जाहिराती लावल्या. मिस डेनिसनी रिमोट सोफ्यावर टाकला. “दर वेळी हेच करतात.” त्या क्षणी ही बाई मला सख्ख्या बहिणीसारखी वाटली.

नंतर अयानची किक खांबाला लागून परत आली. मी अंगणात निघून गेले. जमीर मागून आले. “सोमवारी शारजाला फोन करतो,” एवढंच बोलले.

शेवटच्या मिनिटाला आमची टीम दोन गुणांनी मागे. एक किक खांबांमधून गेली असती तर जिंकलो असतो. अयान हेल्मेट घालून कडेला उभा राहिला. कोचने त्याला पाठवलंच नाही. बॉल हवेत फेकला, तो समोरच्यांनी पकडला, संपलं. किक पुन्हा चुकली असती तर पोरगं कोलमडलं असतं, हे मला कळत होतं. तरी त्या कोचचा असा राग आला की बस. माझ्या मुलाला का नाही पाठवलं?

मी पर्स उचलली, तेवढ्यात मिस डेनिस उभ्या राहिल्या. पडद्यावर हरलेली टीम बँडसमोर रांगेत उभी होती. कॉलेजचं गीत सुरू झालं. इकडे त्या गात होत्या, तिकडे सगळं स्टेडियम. कॅमेरा सरकत अयानवर आला. एका धिप्पाड मुलाने त्याला काखेत धरलं होतं. डोळे लाल, पण प्रत्येक शब्द पाठ. घरी साध्या वाढदिवसाला न गाणारा माझा मुलगा. जमीर केव्हा उभे राहिले, मला कळलं नाही.

परतताना पेट्रोल पंपावर त्याचा फोन आला.

“अम्मी, मिस डेनिसनी सांगितलं. मी बघू नका म्हटलं होतं ना?”

“म्हटलं होतंस.”

“कोचने मला पाठवायला हवं होतं. आय वुड हॅव मेड इट.”

जमीरनी माझ्या हातातून फोन घेतला. “डावा पाय बॉलच्या फार जवळ पडतोय तुझा. म्हणून खांबाला लागली.” मग पंपाच्या कडेला बापलेक कितीतरी वेळ त्या डाव्या पायावरच बोलत राहिले. मागून गाड्या हॉर्न देत होत्या.

डिसेंबरच्या सुट्टीत अयान येत नाहीये. तिथेच राहून किकची प्रॅक्टिस करणार म्हणे. सिझन संपल्यावर कसली प्रॅक्टिस, विचारलं तर “अम्मी, यू डोंट गेट इट.” त्याची खोली मी आधीच आवरून ठेवली होती.

सोमवारी शारजाच्या कॉलेजातूनच फोन आला. जमीर बाल्कनीत जाऊन बोलले. “नाही सर, मुलगा तिकडेच राहतोय.” मग पलीकडच्या प्रश्नावर, “टीम? नाही, हरली. चांगली आहे पण टीम.”