पूर्व कमांडची लिफ्ट

आमच्या हाटकेशच्या सोसायटीचे सेक्रेटरी लष्कराच्या एका कमांड मुख्यालयातून सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि त्याची शिक्षा आम्ही भोगतोय. सैन्यात देशाचे भाग पाडून प्रत्येक भागाला जशी वेगळी कमांड असते, तशी त्यांनी आमच्या प्रत्येक विंगची कमांड केली. बी विंग, म्हणजे पूर्व कमांड, माझ्या गळ्यात पडली.

"ज्याचा एरिया, त्याची ऑर्डर," हे ते ऊठसूट ऐकवतात. बोलताना मान हलत नाही, फक्त मिशी हलते. ए विंगची टाकी वाहत असली तर समोर उभ्या असलेल्या सेक्रेटरींना मी सांगायचं नाही. ए विंगच्या प्रमुखाने सांगायचं. वैतागून मी राजीनामा दिला, तर तो योग्य मार्गाने आला नाही म्हणून परत पाठवला.

परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात ते, ताठ.

"सर, तुमच्या लिफ्टमध्ये एक लेडीज अडकलीय. उघडायला परमिशन पाहिजे."

"अहो, चावी तुमच्याकडेच असते ना? उघडा की."

"एरिया तुमचा आहे."

"आत आहे कोण?"

"आमच्या मिसेस."

मी कपाळाला हात लावला. "जा हो, आधी बाहेर काढा त्यांना."

तसे ते जिन्यावरून असे धावले, की मीच घाबरलो. घाईत त्यांनी चावी दोनदा उलटी घातली.

वहिनी घामाघूम होऊन बाहेर आल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "यांना सांगा, किचन माझा एरिया आहे. आज तिथे यायचं नाही."