बॅकअप रोज 'यशस्वी', पण पेशंटची माहितीच गायब

मंडळी, आज डोकं फिरलंय.

नवीन पनवेलच्या एका डायलिसिस सेंटरचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. सकाळी सर्व्हर बंद पडला. मी निर्धास्त होतो, कारण बॅकअपचं सॉफ्टवेअर रोज 'यशस्वी' दाखवत होतं. बॅकअपमधून सगळं परत आणलं, म्हणजे रिस्टोर केलं, तर पेशंटचा डेटाबेसच नाही.

सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "सर, बॅकअपच्या वेळी डेटाबेस चालू असला की त्याची फाइल वगळली जाते. तुमचा कायम चालूच असतो."

"मग यशस्वी कसं दाखवता?"

"बाकीच्या फाइल्स आल्या ना."

उरणच्या एक मावशी डायलिसिससाठी ताटकळत होत्या. कोणतं इंजेक्शन सोसत नाही, हे सिस्टरने त्यांनाच विचारलं. "नाव नाय आठवत," त्या म्हणाल्या. सुनेने घरून दवाखान्याच्या जुन्या कागदाचा फोटो पाठवला, तेव्हा दोन तासांनी मशीन सुरू झालं.

त्या माणसावर ओरडलो खरा, पण वर्षभरात मीही एकदा रिस्टोर करून पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलंय?