डिसेंबरातलं लॅकर

प्लास्टिकचं नाव काढलं की यशवंत गजभिये यांच्या कपाळाला आठी पडे. माणूस तसा शांत. पण नोएडातल्या ज्या कारखान्यात त्यांनी अठरा वर्षं गाड्यांच्या दिव्यांच्या काचा तपासल्या, तो या प्लास्टिकनंच बुडवला होता. देशाचे दरवाजे उघडले, नव्या गाड्या आल्या, त्यांचे दिवे प्लास्टिकचे आले आणि काचेच्या कारखान्याला कुलूप लागलं. "काच फुटेल, पण पिवळी पडणार नाही," हे वाक्य ते दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरमध्ये आल्यागेल्याला ऐकवत. त्यांच्या पत्नी चंदाबाई तेवढ्यात उठून चहा ठेवायला जात. क्वार्टर चंदाबाईंच्या सरकारी नोकरीचं होतं, त्यामुळे कुठलं वाक्य किती वेळा ऐकायचं हे ठरवायचा हक्क त्यांनाच होता.

गंमत अशी, की पुढे यशवंतरावांचं पोट त्याच प्लास्टिकवर चालू लागलं. हे दिवे काही वर्षं उन्हात राहिले की पिवळे, धुरकट होतात. उजेड बाहेर पडेनासा होतो. यशवंतराव ते घासून पुन्हा आरपार करून देत. आधी जाड पॉलिशपेपर पाण्यात भिजवून, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग पॉलिश. एवढ्यावर दिवा नव्यासारखा दिसतो आणि बाजारात सगळे इथंच थांबतात. पण घासताना दिव्यावरचा मूळचा थर निघून गेलेला असतो, आणि उघडं प्लास्टिक चार-सहा महिन्यांत पुन्हा पिवळं पडतं. म्हणून यशवंतराव वरून लॅकरचा नवा पारदर्शक थर फवारत. त्याला वेळ लागे, गिऱ्हाईक कटकट करी. ते दाद देत नसत. डागी माल दारातून बाहेर जाऊ द्यायचा नाही, ही कारखान्यातली सवय हाडात मुरलेली.

चंदाबाई जानेवारीअखेर निवृत्त होणार होत्या. त्यानंतर चार महिन्यांत क्वार्टर सोडायचं आणि भंडाऱ्याला त्यांच्या भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायचं, असं जवळजवळ ठरलं होतं. यशवंतरावांना जायचं नव्हतं. तीस वर्षं या शहरात काढून मेहुण्याच्या परसात जाऊन बसायचं, या विचारानं त्यांना घास गिळवत नसे. दिल्लीत राहायचं तर कायमचं काम हवं होतं, आणि ते डिसेंबरात आपणहून चालून आलं.

आणलं नरसिंहनं. हा लातूरकडचा ड्रायव्हर, नोएडातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ट्रेलर चालवायचा. त्याच्या मालकाचे बारा जुने ट्रेलर, सगळ्यांचे दिवे पिवळे.

"यशवंतभाऊ, मालक म्हणतात, नमुना माझ्या गाडीवर करा. सोमवारी तिची फिटनेसची तपासणी आहे. पास झाली तर बाराच्या बारा गाड्या तुमच्या, आणि पुढं दर वर्षीचं काम पक्कं."

यशवंतरावांनी वर पाहिलं. वर आभाळ नव्हतंच. नऊ दिवस नुसतं धुकं. "लॅकरला ऊन लागतं रे. हवा दमट असली की ते वाळता वाळता दुधी पडतं."

"मग नका ना मारू. नुसतं चमकवून द्या. सोमवारपुरतं बिल्कुल चालेल."

शनिवारी दिवसभर घासून दिवे असे स्वच्छ झाले, की आतल्या बल्बची तार दिसावी. हात तिथंच थांबवायचा होता. दुसऱ्या कुणीही थांबवला असता. पण रविवारी दुपारी धुकं जरा विरळ झालं, तासभर फिकं ऊन पडलं आणि यशवंतरावांना मोह झाला. मोह पैशाचा असता तर सोडवला असता. हा चांगल्या कामाचा होता. बारा गाड्यांचं काम खोट्या नमुन्यावर मिळवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी लॅकर फवारलं, समोर ताडपत्री बांधली आणि घरी येऊन चंदाबाईंना म्हणाले, "भावाला कळवून टाक, आम्ही येत नाही म्हणून."

चंदाबाईंनी कळवलं नाही.

सोमवारी सकाळी नरसिंहनं ताडपत्री सोडली. दोन्ही दिवे दह्यासारखे पांढरे झाले होते. लॅकर घासून काढायला तीन तास हवे होते, आणि तपासणीचा नंबर नऊ वाजताचा होता. गाडी तशीच गेली. तपासणीच्या साहेबांनी दिवे लावायला सांगितले, दोन पावलं मागं सरले आणि म्हणाले, "इससे तो पीली ही अच्छी थी." गाडी नापास झाली.

मालक एक शब्द वाकडा बोलले नाहीत. त्यांनी सरळ दुसरा माणूस बोलावला. त्यानं लॅकर खरवडून दिवे नुसते चमकवले, गुरुवारी गाडी पास झाली आणि बारा ट्रेलर त्याला मिळाले. यशवंतराव मुद्दाम जाऊन मालकांना सांगून आले, की हे मेपर्यंत पिवळे पडतील. "मई किसने देखी है, भाईसाहब," मालक म्हणाले, तेही गोड आवाजात.

मे आला. पारा चव्वेचाळीसवर. क्वार्टरची किल्ली सकाळीच परत गेली होती, सामान खाली अंगणात बांधून ठेवलं होतं. कॉम्प्रेसर आणि फवारणीची गन आदल्या दिवशी कबाडीवाला घेऊन गेला होता. तेवढ्यात नरसिंहचा फोन आला.

"भाऊ, बाराही गाड्यांचे दिवे पिवळे झाले. मालक विचारतात, तो लॅकरवाला कुठं असतो? आता ऊनही कडक आहे."

आपलं खरं ठरलं, याचा आनंद यशवंतरावांना काही केल्या होईना. समोर अंगणभर ऊन पसरलं होतं, डिसेंबरात तासाभरापलीकडे न मिळालेलं.

"तो गावी गेला म्हणून सांग."

"कधी?"

"डिसेंबरातच."

फोन ठेवून ते लोखंडी ट्रंक उचलायला वाकले. ती इतकी तापली होती, की हात लावता येईना. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल कडीला गुंडाळला आणि चंदाबाईंना दुसरी बाजू धरायला सांगितली.